स्किमरच्या कपाखालचा फ्लोट-स्विचवाला कॅन: घ्यावा का?

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकखाली पाणी गाळायची वेगळी टाकी असते, ती सम्प; त्यातला स्किमर हवेच्या फेसाने पाण्यातली घाण वर काढून कपात जमवतो. हा कप रोज उपसायचा कंटाळा असेल, तर हा 5 लिटरचा कॅन कामाचा आहे. कपाच्या नळीतून घाण कॅनमध्ये उतरते, कॅन भरत आला की फ्लोट वर येतो आणि स्किमरच्या पंपाची वीज तुटते. सम्पमधून पाणी परत टाकीत चढवणारा रिटर्न पंप मात्र या स्विचवर अजिबात लावू नका.

खरी किंमत या स्विचचीच आहे. स्किमर उतू गेला की सम्पची पातळी घटते आणि पातळी घटली की आपोआप भर घालणारा ऑटो टॉप-ऑफ बिचारा गोडं पाणी ओतत राहतो. 200 लिटरच्या टाकीतून स्विच नसलेली 20 लिटरची बादली अशी भरली, तर पाण्याचा खारटपणा दर हजारी 35 वरून साधारण 31.5 वर येतो. या कॅनमुळे 5 लिटरवर थांबलं तर 34.1.

झाकणाचं हवेचं भोक बंद ठेवू नका. आतली हवा कोंडली की नळीतून थेंब उतरत नाही, कप तुंबतो आणि सगळा काळा गाळ परत सम्पमध्ये. वास येतो म्हणून त्यावर बोळा कोंबण्यापेक्षा कार्बनची सैल पुडी ठेवा. नळी सरळ उताराची हवी. सोबतची जरा लांबच आहे, कापून घ्या. झोळ पडला की तिथेच गाळ साचतो.

टाकीत इपॉक्सी पुटी (दगड-प्रवाळ चिकटवायचा लगदा) किंवा औषध वापरल्यावर फेस उसळतो. तेव्हा स्किमरची हवा कमी करा, त्यातून पाणी बाहेर सोडणारा वॉल्व्ह पूर्ण उघडा. फ्लोट दर आठवड्याला धुवा, चिकटला तर स्विच असून नसल्यासारखा.