अ‍ॅस्ट्रोमेट्रिका: रूप जुने, मोजमाप चोख

फोटो देखणा करण्यासाठी हा प्रोग्राम घेऊ नका. लघुग्रह किंवा धूमकेतू फ्रेममध्ये नेमका कुठे आहे ते मोजायचे आणि मायनर प्लॅनेट सेंटरला (लघुग्रह-धूमकेतूंची निरीक्षणे जमा करणारी जागतिक संस्था) पाठवता येईल असा अहवाल तयार करायचा, हेच हर्बर्ट राब यांच्या अ‍ॅस्ट्रोमेट्रिकाचे काम. विंडोजवर चालतो, 100 दिवस फुकट वापरून बघता येतो. मेन्यू जुन्या वळणाचे आहेत, पण हात लवकर बसतो.

डोके खातात ती सेटिंग्ज. फोकल लेंथ, पिक्सेलचा आकार, कॅमेऱ्याचा कोन आणि चित्र उलटे आहे का, यांतले एक जरी चुकले तरी तारे कॅटलॉगशी (ताऱ्यांच्या स्थानांच्या यादीशी) जुळत नाहीत. बहुतेक वेळा घोळ फोकल लेंथचाच असतो. दुर्बिणीच्या नळीवर 800 मिमी छापलेले असते, पण रिड्यूसर (फोकल लेंथ कमी करणारे भिंग) आणि सेन्सर यांच्यातले अंतर थोडे बदलले तरी खरा आकडा वेगळा निघतो. एकदा तारे हाताने जुळवून घ्या. लॉगमध्ये प्रोग्रामने काढलेली फोकल लेंथ आणि कोन मिळतो, तोच भरून टाका.

खरी मजा ट्रॅक अँड स्टॅकमध्ये आहे. मिनिटाला 30 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) पळणारा पृथ्वीजवळचा लघुग्रह 6 सेकंदांत 3 आर्कसेकंद सरकतो, म्हणजे साधारण ताऱ्याच्या ठिपक्याइतका. एक्स्पोजर त्याहून वाढवले तर रेघ उमटते आणि प्रकाश पसरून वाया जातो. म्हणून 6-6 सेकंदांच्या 60 फ्रेम घ्यायच्या आणि लघुग्रहाच्या गतीने सरकवत एकावर एक रचायच्या. सिग्नल-नॉइज गुणोत्तर (खऱ्या प्रकाशाचे खरखरीशी प्रमाण) 7.7 पट वाढते, सुमारे 2.2 प्रतींचा फायदा (प्रत म्हणजे तेजस्विता मोजायचे एकक). मात्र त्यातून स्थान एकच मिळते. अहवालाला तीन हवीत, तर 20-20 चे तीन स्टॅक करा, फायदा 1.6 प्रतींवर येतो. मीडियनने (प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत घेऊन) रचले तर ताऱ्यांच्या रेघा बऱ्याच पुसल्या जातात, पण सरासरीच्या तुलनेत नॉइज सुमारे 25 टक्के जास्त राहतो. लक्ष्य अगदीच अंधुक आणि वाटेत तारे नसतील तर सरासरीच घ्यावी.

गती एमपीसीऑर्ब फाइलमधून (मायनर प्लॅनेट सेंटरच्या कक्षांच्या यादीतून) येते. ती जुनी असेल तर स्टॅकमधला ठिपका लांबट होतो, किंवा लघुग्रह खुणेच्या जागी सापडतच नाही. तेव्हा दोष दुर्बिणीला देण्याआधी फाइल ताजी करा.

वेळेच्या बाबतीत प्रोग्राम तुमच्यावरच विसंबून असतो. वरच्या गतीला घड्याळाची 1 सेकंदाची चूक म्हणजे स्थानात अर्ध्या आर्कसेकंदाची चूक. हेडरमधली (फ्रेमच्या फाइलसोबत साठवलेल्या माहितीतली) वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची असताना सेटिंगमध्ये 'मध्य' निवडले, तर 6 सेकंदांच्या फ्रेमला 1.5 आर्कसेकंद गेले. गंमत म्हणजे ताऱ्यांचे रेसिड्यूअल (मोजलेल्या आणि कॅटलॉगमधल्या स्थानांतले फरक) तरीही झकास दिसतात, त्यामुळे ही चूक पडद्यावर कळत नाही. आधी एखादा क्रमांक मिळालेला, म्हणजे कक्षा पक्की ठाऊक असलेला लघुग्रह मोजून पडताळून घ्यावे.

फिरत्या वस्तू आपोआप शोधण्याची सोय कामाची आहे, पण हॉट पिक्सेलला (सेन्सरवरच्या कायम उजळ दिसणाऱ्या सदोष ठिपक्यांना) फसते. ध्रुव-जुळणी (दुर्बिणीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे) कच्ची असेल तर फ्रेम हळूहळू सरकते, आणि तारे जुळवल्यावर सगळे हॉट पिक्सेल एकाच दिशेने, एकाच वेगाने चालू लागतात. तसे 'उमेदवार' रांगेने दिसले की समजून घ्या. डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम) वजा करा आणि डिदरिंग (फ्रेमगणिक दुर्बीण किंचित हलवणे) चालू ठेवा.

गती ठाऊक नसलेला, एकेका फ्रेममध्ये न दिसणारा लघुग्रह मात्र इथे मिळणार नाही. त्यासाठी असंख्य वेग आणि दिशा ताडून पाहणारा टायको ट्रॅकर हा प्रोग्राम लागतो, आणि त्याच्यासाठी दमदार ग्राफिक्स कार्ड.