म्युनिकचा फ्लॅट नंबर ३०२ आणि आमचे १,८०,५०० रुपये

आधीच सांगतो, हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरी सगळ्यांचं हसून झालंय. पण ज्यांचं ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे जर्मनीत म्युनिकला भरणाऱ्या बियरच्या उत्सवाला, जायचं चाललंय त्यांनी कोणाला पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

आम्ही चौघं मित्र, सगळे पंचेचाळिशीच्या आसपास, कॉलेजपासून "एकदा म्युनिक" म्हणत होतो ते २०२४ ला जमलं. विमानाची तिकिटं मार्चमध्येच काढली होती, व्हिसा आमचा आम्ही केला, आणि व्हिसासाठी म्हणून एक हॉटेल बुक केलं होतं, चार रात्री, दोन खोल्या, १,५२,००० रुपये, फ्री कॅन्सलेशन. हे हॉटेल लक्षात ठेवा, कारण ते मी माझ्या हाताने कॅन्सल केलं.

उत्सवाच्या पंधरा-सोळा दिवसांत म्युनिकमधले रेट दुप्पट-तिप्पट होतात, त्यामुळे स्वस्त काहीतरी शोधणं चालू होतं. ट्रॅव्हलच्या एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकजण भेटला. नंबर +४९ वाला, म्हणजे जर्मनीचा, बोलणं एकदम घरचं, "दादा, मी इथे सात वर्षं आहे, आपल्या माणसांकडून मी जास्त घेत नाही." आपला माणूस! या दोन शब्दांवर मराठी माणूस जितका फसतो तितका लॉटरीवरसुद्धा फसत नसेल. मैदानापासून दहा मिनिटांवर अपार्टमेंट, चार रात्री ९६,०००. शिवाय शनिवारी २८ सप्टेंबरला उत्सवातल्या बियरच्या टेंटमध्ये (मोठ्या मंडपात) रिझर्व्ह टेबल, माणशी १५,५०० म्हणजे ६२,०००. एकूण १,५८,०००. फोटो पाठवले, किचनचा व्हिडिओ पाठवला. खातं "वहिनींचं", इंडियातलं, यूपीआय करा. १० ऑगस्टला ७५,००० आणि ११ ला ८३,००० पाठवले, माझ्याच मोबाईलवरून, माझ्याच पिनने.

आता खरी लाज वाटते ती गोष्ट. मी एकोणीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. फॉरेनचं टूर पॅकेज विकलं की विकणाऱ्याने टीसीएस (विकतानाच गोळा करायचा आयकर) घ्यायचा असतो, २०२४ ला तो ५ टक्के होता, हे मी ऑफिसात दुसऱ्यांना समजावतो. मी त्याला विचारलं पण, तर म्हणाला "दादा, आपलं डायरेक्ट आहे, टीसीएस-जीएसटी काही नाही", आणि मला काय वाटावं, तर ७,९०० रुपये वाचले! बिल नाही, पावती नाही, आणि मी खूश. इतर कोणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर लेक्चर दिलं असतं.

मग पीडीएफ आली. आजही ती मोबाईलमध्ये आहे, डिलीट करत नाही, रात्री कधीतरी उघडून बघतो. वर क्यूआर कोड, खाली "एंट्री तिकीट, ४ पर्सन्स", टेंटचं नाव हॉफब्रॉयहाउस आणि पत्ता प्लाट्झलचा. अपार्टमेंटचा पत्ता श्वान्थालर श्ट्रासे, तिसरा मजला, फ्लॅट नंबर ३०२. मला ते ३०२ बघून बरं वाटलं हो! म्हटलं बघ, पूर्ण पत्ता दिलाय, मजल्यासकट. तिकडे बिल्डिंगच्या बेलवर आडनावं असतात, फ्लॅट नंबर सहसा नसतातच. ३०२ आपल्या सोसायटीत असतो. म्हणजे पत्ता लिहिणारा कुठे बसला होता ते त्यानेच लिहून दिलं होतं आणि मला दिसलं नाही.

बरं, सांगणारा कोणी नव्हता असंही नाही. भाचा स्टुटगार्टला शिकतो, त्याने फोनवर सांगितलं, "मामा, एंट्री फ्रीच असते, तिकीट कसलं?" मी त्याला काय म्हणालो माहितीये? "तुम्ही पोरं लाईनीत उभे राहता, आम्हाला बसायला जागा पाहिजे." आणि त्याच संध्याकाळी हॉटेल कॅन्सल केलं. आता कोणी म्हणेल एवढं कसं कळलं नाही. अहो, आपल्याकडे पार्किंगलासुद्धा पावती असते, साठ लाख माणसं येतात त्या ठिकाणी एंट्री फुकट असेल असं कोणाच्या डोक्यात येईल? पण असते. ओइडे वीझन नावाचा छोटा वेगळा भाग सोडला तर थेरेसिएनवीझेच्या, म्हणजे उत्सवाच्या, मैदानात जायला एक पैसा लागत नाही, टेंटमध्ये शिरायलाही नाही, "एंट्री तिकीट" हा शब्द दिसला की तिथेच ब्लॉक करा.

१८ सप्टेंबरला, आदल्या दिवशीच्या विसर्जनाचं जागरण डोळ्यात असताना, त्याचा मेसेज, "दादा, घरमालकाला डिपॉझिट लागतंय, चेकआउटला परत." २२,५००. तेही पाठवले. २६ तारखेपासून फोन बंद.

२७ ला शुक्रवारी दुपारी आम्ही चार बॅगा घेऊन त्या दारात. खाली दाताचा दवाखाना. बेलवर आठ आडनावं, एकही ओळखीचं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, आमच्याकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, आणि मी पीडीएफ दाखवायच्या आतच मान हलवली. म्हणजे आम्ही पहिले नव्हतो.

रात्री नऊला जवळच्या ऑग्सबुर्ग शहरात खोल्या मिळाल्या, चार रात्रींचे १,१८४ युरो, कार्डावर १,१२,६४० लागले. रोज ट्रेनने ये-जा. (चार-पाच जण असाल तर बायर्न तिकीट (त्या राज्यापुरतं ग्रुप तिकीट) काढा, लोकल-रिजनल ट्रेनला दिवसभर चालतं, वीकडेला मात्र सकाळी नऊनंतर. फसलो तरी हे एक शिकलो.)

शनिवारी तरी टेबल मिळेल ही वेडी आशा होतीच. हॉफब्रॉयच्या टेंटच्या दारातल्या माणसाने क्यूआर स्कॅनही केला नाही, पत्त्यावर बोट ठेवून म्हणाला हे शहरातल्या बियर हॉलचं नाव आहे, टेंट वेगळा. मागून गर्दीचा रेटा, टेंट फुल, दार बंद. तिघांपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. आणि सोमवारी सकाळी दहाला, कुठलाही पास नसताना, आम्ही त्याच टेंटमध्ये सरळ चालत गेलो आणि मधल्या बाकावर बसलो. फुकट! लिटरचा मग पंधरा युरोच्या आसपास, पहिले दहा मिनिटं कोणी चिअर्स म्हणालं नाही.

रिझर्व्हेशन टेंटवाल्याकडूनच होतं, त्याच्या स्वतःच्या साइटवर, बहुतेक आठ-दहा जणांचं अख्खं टेबल, आणि पैसे घेतात ते खाण्या-पिण्याच्या कुपनांचे, टेबलाचे नाही. चौघांचं सुटं टेबल विकणारा दिसला तर समजून जा. दुसऱ्याकडून घेतलेलं रिझर्व्हेशन टेंटवाले मानत नाहीत.

आता इकडची कथा. ऑग्सबुर्गच्या खोलीतूनच सायबर पोर्टलवर तक्रार टाकली होती, पण पहिले पैसे जाऊन सात आठवडे झालेले. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, खातं रिकामं व्हायच्या आत. आमच्या भागातल्या चौकीत गेलो तर म्हणे बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत. तिकडे गेलो तर म्हणे फसवणूक जर्मनीत झाली. मी म्हटलं साहेब, १ जुलैपासून नवा कायदा आलाय, बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १७३, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावी लागते. तर एक हवालदार म्हणाला, "एवढा कायदा कळतो तर पैसे कशाला पाठवले?" दुसरा म्हणाला, "बियर इथे मिळत नाही का?" अख्खी खोली हसली. पाच चकरा, दोन हाफ डे, तिसऱ्या वेळेला प्रिंटआउट कलर पाहिजे म्हणून परत पाठवलं. कलर! बँकेची तऱ्हा वेगळी, "सर, पिन तुम्हीच टाकलाय, ऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे." लेखी द्या म्हटलं तर लेखी देईनात. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं, हे मला बँकेने नाही, शेजारच्या रिटायर्ड काकांनी सांगितलं. "वहिनींच्या" खात्यात शेवटी ३,११२ रुपये सापडले, ते गोठवलेत. मला मिळालेले नाहीत, गोठवलेत.

दोघा मित्रांना मी त्यांचे प्रत्येकी ४५,१२५ परत केले, तिसरा घ्यायला तयार नाही, आणि बोलतही नाही.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर ॲमस्टरडॅमच्या ट्युलिप ट्रिपची पीडीएफ आली. तोच फॉन्ट, तसाच क्यूआर, तिसरा मजला, फ्लॅट नंबर ३०२. मी खाली लिहिलं की हा चोर आहे. ॲडमिनने मलाच काढलं.