रोज सकाळचा वॉक की दर अर्ध्या तासाला उठून चालणं?

आठ-नऊ तास खुर्चीत जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, मी दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय.

सकाळच्या वॉकबद्दल वादच नाही. घाम येतो, डोकं शांत होतं, आणि दमसास वाढवायचा असेल तर तोच हवा. पण माझा खरा त्रास होता दुपारचा. डबा खाऊन जागेवर बसलो की अंग नुसतं जड व्हायचं, पापण्या मिटायच्या, एकच ईमेल परत परत वाचायचो तरी डोक्यात शिरायचा नाही, कंबर आखडायची ती वेगळीच. सकाळी कितीही चाललो तरी यात काडीचा फरक पडला नाही. जेवणानंतर दर अर्ध्या तासाला पॅसेजमध्ये दोन-तीन मिनिटं फेऱ्या मारायला लागलो तेव्हा कुठे हा जडपणा गेला, माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

हे नुसतं माझंच म्हणणं नाही हां. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने २०१३ साली ७० जणांवर हीच तुलना केली होती, एकदाच ३० मिनिटं चालून मग बसून राहायचं किंवा दर अर्ध्या तासाला १ मिनिट ४० सेकंद भरभर चालायचं. एकूण चालणं सारखंच, पण साखर आणि इन्शुलिन कमी राहिलं ते तुकड्या-तुकड्यांत चालल्यावर, कारण स्नायू हलले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि साखर चढते ती तर जेवल्यावर. ट्रायग्लिसराइड्समध्ये (रक्तातली चरबी) मात्र सलग चालणंच सरस ठरलं, तेही सांगायला हवं.

आणि तासाने उठलं तर चालेल का? कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात तासाला एक मिनिट चालूनही बीपी ४-५ पॉइंट उतरलं, पण साखरेला तासाचं अंतर पुरलं नाही. दर अर्ध्या तासाला ५ मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची उसळी जवळजवळ ६० टक्के कमी झाली. माणसं ११च होती, त्यामुळे आकडा अगदी घट्ट धरू नका.

ऑफिसात दर वेळी ५ मिनिटं मिळणं अवघडच, मी फोन आला की उठतो आणि चालतच बोलतो. दोन्ही जमत असेल तर उत्तमच, पण एकच जमणार असेल तर मी तरी ब्रेक घेईन आणि वॉक शनिवार-रविवारी करेन. इन्शुलिन चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.