पट्ट्याच्या जमिनीवरील सदनिका : वकिलांच्या तपासणीचा अनुभव

नेरूळमधील जुनी सदनिका घेण्यापूर्वी आम्ही एका वकिलांकडून कागदपत्रे तपासून घेतली. जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची) आणि पट्टा, म्हणजे जमिनीचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार, ६० वर्षांचा असल्यामुळे, केवळ नोंदणीकृत खरेदीखतावर न थांबता, मूळ पट्टाकरार, आधीच्या प्रत्येक हस्तांतरणाला मिळालेली सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्काच्या पावत्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. २००४ सालच्या व्यवहाराची परवानगी फाईलमध्ये नव्हतीच. ती विक्रेत्याने आणल्याशिवाय विसार देऊ नका, असे त्यांनी बजावले. गृहनिर्माण संस्थेचा ना-हरकत दाखला सिडकोच्या परवानगीची जागा घेत नाही, ही दलालाने सोयीस्करपणे गाळलेली गोष्टही तेव्हाच कळली. अहवाल मात्र तीन आठवडे रखडला आणि पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, हे आम्हालाच विचारावे लागले.