जुनी आन्शुट्झ मॅच ५४: पूर्ण न उघडता देखभाल, काही महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या टार्गेट रायफलला तेल कमी पडलंय असं फारसं होत नाही. होतं ते उलट. वर्षानुवर्षं वरून सोडलेलं तेल आत वाळतं, त्यात काजळी मिसळते आणि सगळं चिकट होऊन बसतं. आन्शुट्झ या जर्मन कंपनीची .२२ कॅलिबरची मॅच ५४ काही महिने नियमित सरावात वापरल्यावर ठामपणे सांगता येतं: आधी जुनं तेल काढा, मग मोजके थेंब घाला. त्यासाठी ॲक्शन (बोल्ट आणि ट्रिगर बसवलेला रायफलचा मधला यांत्रिक भाग) पूर्ण सुटी करावी लागत नाही.

चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची नजरेने खात्री करा, ट्रिगर दाबून धरा आणि बोल्ट (काडतुसामागचा हँडलवाला सरकता दांडा) मागे ओढून बाहेर काढा. खरं काम इथेच आहे. बोल्टमधल्या फायरिंग पिनभोवती (काडतुसावर आघात करणारी पिन) ग्रीस घट्ट झालं असेल तर पिन मंद धावते. .२२ च्या रिमफायर काडतुसात प्रायमर (आघाताने पेटणारा मसाला) कडेच्या रिममध्ये असतो. तिथे फटका कधी जोरात, कधी हलका बसला की गोळीचा वेग बदलतो आणि ५० मीटरवर छिद्रं वर-खाली पसरतात. थंडीत हे जास्त जाणवतं. लोक काडतुसांचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलत बसतात, आणि दोष मात्र बोल्टमध्ये असतो.

उपाय सोपा आहे. काचेच्या बरणीत पांढरं पेट्रोल (सफाईसाठीचं शुद्ध, बिनरंगी पेट्रोल) घ्या आणि बोल्ट तोंड खाली करून १५-२० मिनिटं बुडवून ठेवा. मधूनमधून हलवा. तळाशी तपकिरी गाळ दिसेल. द्रव स्वच्छ राहीपर्यंत तो बदलत राहा. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही, हे पाळाच. बोल्ट पूर्ण वाळल्यावर पिनसाठी पातळ सिंथेटिक तेलाचा एकच थेंब, तोही जास्तीचा पुसून. ग्रीस फक्त दोन जागी: कॉकिंगच्या तिरप्या कटावर (हँडल उचलताना पिन मागे ढकलणारी खाच) आणि लॉकिंग लगच्या (बोल्ट बंद झाल्यावर अडकणारा उंचवटा) घासणाऱ्या बाजूवर, तांदळाच्या कणीएवढं. कटावर ग्रीस नसेल तर हँडल उचलताना शेवटी जड जातं आणि धातूवर चकचकीत ओरखडे उठू लागतात. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस बाहेर ओढणारा भाग) नखांखाली मेण आणि शिशाची पुटं साचतात. ती लाकडी टूथपिकने काढा. केस (काडतुसाचं रिकामं कवच) अर्धवट बाहेर येऊन पडू लागली की आधी तिथेच बघा.

ट्रिगरवर फवारा मारू नका. सिअर (पिन अडवून धरणारा ट्रिगरचा भाग) नीट अडकला नाही तर बोल्ट बंद करतानाच पिन सुटू शकते. बाहेरची धूळ ब्रशने झटका, एवढं पुरे. देखभालीनंतर रिकाम्या रायफलमध्ये स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून बोल्ट जोरात बंद करा आणि कुंद्याच्या तळाला हाताने थाप द्या. पिन सुटली तर रायफल थेट आर्मररकडे (बंदुका दुरुस्त करणारा तज्ज्ञ).

नळीच्या बाबतीत हात आखडता बरा. शिशाच्या मेणलावल्या गोळीने तांब्याचा थर बसत नाही, त्यामुळे अमोनियाच्या सॉल्व्हेंटची गरज नाही. त्रास देते ती चेंबरच्या पुढच्या तोंडाशी साठणारी कडक काजळीची कडी. मागून, रॉड गाइड (रॉड नळीच्या मधोमध ठेवणारी नळी) लावून, कोटेड रॉडवर ब्रॉन्झ ब्रश तिथपर्यंत फिरवा आणि फेल्टने पुसा. चेंबरमध्ये तेल राहू देऊ नका. केस भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जादा ताण येतो. सफाईनंतरचे पहिले ५-१० शॉट गटाबाहेर जातात, ते स्कोअरमध्ये धरू नका.

लाकडी स्टॉकची खरी हानी तेलच करतं. ते मागे ओघळून ॲक्शनखालच्या लाकडात मुरतं, लाकूड मऊ पडतं आणि बेडिंग (ॲक्शनची लाकडातली घट्ट बैठक) ढिलं होतं. म्हणून सफाईनंतर रायफल रात्रभर नळीचं तोंड खाली करून ठेवा. ॲक्शन स्क्रू सोडायचेच असतील तर आधी पेन्सिलने खूण करा. कसताना पुढचा-मागचा आळीपाळीने, सुमारे ५ न्यूटन-मीटरपर्यंत, आणि दरवेळी तेवढंच.

एवढं करूनही शॉट वर-खाली पसरत असतील तर वापरलेल्या केसच्या रिमवरची पिनची खूण भिंगातून बघा. स्वच्छ बोल्ट असूनही ती उथळ किंवा कमी-जास्त दिसत असेल, तर मेनस्प्रिंग (पिनला पुढे ढकलणारी स्प्रिंग) थकलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे तेलाचा उपयोग नाही, स्प्रिंगच बदला.