तीन दिवसांत शिडाच्या यॉटने विजयदुर्ग? पैसे भरण्याआधी मैल मोजा

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की ही जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरायला लागते. "मुंबई ते विजयदुर्ग आणि परत, शिडाच्या यॉटने. दोन रात्री, तीन दिवस. आंग्र्यांच्या आरमाराच्या वाटेने." माणशी 18,000 रुपये, निम्मे आगाऊ. ठाण्याच्या सहा जणांच्या एका गटाने 54,000 भरले. यॉट त्यांना दिसलीच नाही. विजयदुर्गजवळच्या वाघोटनच्या खाडीत मासेमारीच्या होडीतून पाऊण तास फिरून आणि वर 9,000 रोख देऊन ते परत आले. यात नंबर बंद करून पळालेलं कोणीच नाही. पैसे घेणारा शेवटपर्यंत फोन उचलत होता, "सर, सर" करत होता. असली फसवणूक सिद्ध करायला जास्त जड जाते, म्हणून हा प्रकार सविस्तर.

पहिली खोट जाहिरातीतच होती. मुंबई बंदर ते विजयदुर्ग हे अंतर समुद्रातून साधारण 145 सागरी मैल आहे. तीस-बत्तीस फुटी शिडाची बोट सरासरी 5 नॉट धरते, म्हणजे तासाला 5 सागरी मैल. एका बाजूला 29 तास, जाऊन-येऊन 58. शुक्रवारी सकाळी आठला निघून रविवारी रात्री आठला परतायचं, तर हातात असतात 60 तास. विजयदुर्ग बघायला उरले दोन!

हाही हिशोब उदार आहे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर वायव्येकडून समुद्रावरचा. जाताना तो पाठीशी असतो, मुंबईकडे परतताना तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर चालत नाही, आलटून पालटून तिरकी काढावी लागते. दोन्हीकडे 45 अंशांचा कोन धरला तरी 145 मैलांचे 200 होतात. मग इंजिन लावावं लागतं, आणि "शिडाची सफर" डिझेलची होते. त्यात रात्री किनाऱ्यालगत जाळ्यांची गर्दी. जाळ्यांचे तरंगते बोये अंधारात दिसत नाहीत, जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं की कोणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरल्याशिवाय सुटत नाही. असं वेळापत्रक विकणारा माणूस एकतर कधी शीड उभारून दक्षिणेला गेलेला नाही, किंवा त्याला न्यायचंच नाही.

फोटोही बघण्यासारखे होते. पांढरी यॉट दगडी धक्क्याला पाठ लावून उभी, मागून फळीवरून माणसं उतरताहेत, खाली पाणी निळंशार, तळ दिसतोय. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी पाणी गढूळ हिरवं असतं. खोल कील, म्हणजे तळाखाली उतरलेलं जड पातं, असलेल्या बोटीला दीड ते दोन मीटर पाणी लागतं आणि ओहोटीला गावच्या जेट्टीला तेवढं मिळेलच असं नाही. म्हणून इथे यॉट खाडीत नांगरतात आणि छोट्या डिंगीने किनाऱ्याला येतात. धक्क्याला पाठ लावलेली यॉट दाखवून कोणी विजयदुर्ग विकत असेल तर तो फोटो भूमध्य समुद्रातला समजा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता फोन आला: "सर, हवामान बिघडलंय, पोर्टने मुंबईतून सोडायला नकार दिला. पण यॉट विजयदुर्गला उभी आहे, तुम्ही बसने या." रजा टाकलेली, बॅगा भरलेल्या. अशा वेळी माणूस होच म्हणतो, आणि फोनची वेळ त्यासाठीच निवडलेली असते. खरं हवामान बिघडलं तर ते लपत नाही. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा जाहीर होतो, बंदरावर सावधगिरीचा तीन नंबरचा बावटा चढतो, आणि देवगड, विजयदुर्गच्या खाड्या आसऱ्याला आलेल्या ट्रॉलरांनी भरून जातात. लाटांच्या उंचीचा अंदाज हैदराबादची सरकारी सागरी माहिती संस्था, इन्कॉइस, फुकट देते. आणि मुंबईत सोडत नाहीत अशा हवेत विजयदुर्गहून बाहेर कसे सोडतील, हे एकानेही विचारलं नाही.

विजयदुर्गला समोर आली ती फायबरची होडी. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, आयएनडी-एमएचने सुरू होणारा नंबर, मध्ये एमएम ही अक्षरं. हा मासेमारी नौकेचा नंबर. तिच्यात पैसे घेऊन प्रवासी बसवता येत नाहीत, आणि काही झालं तर विम्याचंही अवघड. होडीच्या मधोमध बांबू उभा केला होता आणि त्याला निळी ताडपत्री चारही कोपऱ्यांनी सुंभाने करकचून बांधलेली. खरं शीड खालच्या कोपऱ्यातल्या दोरीने ढिलं-ताठ करता येतं, नाहीतर वाऱ्याचा झोत आला की बोट कलंडते. ही ताडपत्री फक्त फोटोपुरती. सगळा वेळ मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेर लावलेलं इंजिन, चालू होतं.

मग रोख वसुली. "नांगर शुल्क" 3,000, "किल्ल्याची सागरी परवानगी" 2,500, "जादा डिझेल" 3,500. एकाचीही पावती नाही. विजयदुर्ग जमिनीला जोडलेला आहे, गावातून चालत दरवाज्यात जाता येतं. पुढे गिर्येजवळची खडकात खोदलेली आंग्रेकालीन गोदी बघायलाही रस्ता आहे. 1756 मध्ये इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं ते याच बंदरात. ते ऐकायला कोणाची सागरी परवानगी लागत नाही. डिझेलचं म्हणाल तर यॉटचं तीसेक अश्वशक्तीचं इंजिन तासाला तीन-चार लिटर पितं, आणि आउटबोर्डला सहसा डिझेल लागतच नाही.

खऱ्या स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, ओळखायला दोन प्रश्न पुरतात. "बोटीला पाणी किती लागतं, आणि आम्ही पोचू तेव्हा भरती की सुकती (ओहोटी)?" आणि "नांगराची साखळी किती सोडणार?" तो लगेच सांगेल: खोली सहा मीटर, भरतीचे दोन, नाळेची उंची एक, एकूण नऊ, त्याच्या पाचपट, म्हणजे 45 मीटर. गोलमाल उत्तर आलं की थांबा. कागद मागा: नोंदणी, मुदतीतलं सर्व्हे सर्टिफिकेट, विमा, चालवणाऱ्याचा परवाना. सर्टिफिकेटवर प्रवासीसंख्या लिहिलेली असते. त्यावरचं नाव बोटीवरच्या नावाशी व्हिडिओ कॉलवर ताडून घ्या आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या त्या भागातल्या बंदर कार्यालयात विचारा. जून ते ऑगस्टमधली "पावसाळी सेलिंग ऑफर" न वाचताच सोडून द्या.

शिडाची हौसच असेल तर मुंबई बंदरात दोन-तीन तासांची सफर घ्या, किंवा राजपुरीहून जंजिऱ्याला जा. तिथे शिडाच्या होड्या नेतात. तिकीट खिडकीवर घ्या. गाईडचे पैसे होडीत बसण्याआधीच ठरवा, मधे समुद्रात घासाघीस करायला जागा नसते.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी गोठवता येते, नंतर अवघड. यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. जाहिरात, चॅट आणि होडीच्या नंबराचा फोटो जपा. "सेवा मिळाली, तुम्हाला आवडली नाही" हा समोरच्याचा बचाव त्या नंबरानेच मोडतो. पोलीस ही दिवाणी बाब म्हणाले तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा. 2019 च्या ग्राहक कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, देवगडला खेटे घालावे लागत नाहीत. दरम्यान "रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असा मेसेज येईल. ठाण्याच्या गटालाही आला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो.