लोकरी ओव्हरकोट : संपूर्ण हिवाळाभर वापरल्यानंतर

कार्यालयात जाण्या-येण्यासाठी घेतलेला, ८० टक्के लोकर आणि २० टक्के नायलॉन असलेला गडद राखाडी ओव्हरकोट मी संपूर्ण हिवाळाभर वापरला. तो उबदार आहे यात वाद नाही. परंतु रोजच्या प्रवासात थंडीपेक्षा तापमानातील चढउतार अधिक छळतो. थांब्यावर बोचरा वारा असतो, गाडीत शिरताच गर्दीने जीव उकडतो आणि उतरल्यावर पुन्हा तोच वारा झोंबतो. अशा वेळी सर्वांत जाड कपड्यापेक्षा चटकन उघडता येणारा कपडा कामी येतो. या कोटाची तिन्ही बटणे एका हाताने सुटतात, याचे मला सर्वाधिक मोल वाटते.

आत शर्टावर मेरिनो लोकरीचा पातळ स्वेटर पुरतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, त्यामुळे घाईघाईने चालून घाम आला तरी अंग गार पडत नाही; सुती बनियन मात्र घाम धरून ठेवते आणि जरा थांबलो की पाठीला हुडहुडी भरते. पिसांचे जॅकेट वजनाला हलके व अधिक उबदार असते हे मान्य, पण पिसे भिजली की त्यांची ऊब जाते, आणि खालून ब्लेझर डोकावणारे जॅकेट निदान मला तरी रुचत नाही.

माप पाहताना आत ब्लेझर घालावा आणि गाडीतील दांडा धरावा तसा हात वर करून पाहावा. काखेत ओढ बसली तर एक माप मोठे घ्यावे.

तक्रार एकच, पण ठळक आहे. बॅगेचा पट्टा जिथे घासतो त्या खांद्यावर लोकरीचे बारीक गोळे आले आहेत. नायलॉनमुळे कापड टिकते खरे, परंतु त्याचे चिवट तंतू हे गोळे धरून ठेवतात, त्यामुळे ते आपोआप गळत नाहीत. आता मी बॅग हातातच धरतो.

रिमझिम पाऊस हा कोट झेलतो, मुसळधार नाही. भिजल्यावर तो रुंद हँगरवर, हीटरपासून दूर वाळवावा. हिवाळा सरताच ड्राय क्लीन करूनच कपाटात ठेवावा, कारण घामाचे किंवा अन्नाचे डाग राहिलेल्या लोकरीला कसर लवकर लागते.